ठशाला गेलेला तडा : चारमिनारी रुपयांचे वाचन

माहूरच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. आज ती नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची शीव आहे. शंभर वर्षांपूर्वी ती दोन रुपयांची शीव होती. अलीकडचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि आमचा किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. पलीकडे वऱ्हाड. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि 1902 मध्ये कायमच्या पट्ट्याने तो त्यांच्याकडेच राहिला. त्यामुळे नदी ओलांडली की चलन बदलत असे. अलीकडे ‘हाली’, पलीकडे ‘कलदार’.

हे दोन्ही शब्द आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात परवापरवापर्यंत होते. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. कलदार म्हणजे कळीचा, यंत्रावर पाडलेला. इंग्रजांचा रुपया असाच ओळखला जाई. शंभर कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, असा सरकारी दर होता. व्यवहारात सराफ त्यावर आपला बट्टा घेई. हा दर कुठून आला ते चांदीच्या हिशोबातून कळते. कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात हजारी 917 चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, त्यात हजारी 818 चांदी. म्हणजे सुमारे 9.14 ग्रॅम. भागाकार करून पाहिला तर उत्तर 1.17 च्या आसपास येते. सरकारी दर चांदीच्या वजनालाच धरून होता.

नवरात्रात आणि दत्तजयंतीला रेणुकेच्या आणि दत्तशिखराच्या दर्शनाला नदीच्या दोन्ही अंगांची माणसे येत. वऱ्हाडच्या बाजारात कापूस विकणारा शेतकरी कलदार घेऊन येई आणि सारा भरताना हाली मोजी. म्हणून आमच्याकडच्या जुन्या घरांतून, तांड्यांवरच्या बायांच्या गळ्यातल्या माळांतून आणि सराफांच्या मोडीच्या डब्यांतून दोन्ही नाणी निघतात. गेली पंचवीसेक वर्षे मी ती पाहतो आहे. त्यातला बहुतेक माल झिजलेला, काळवंडलेला, साध्या वर्षांचा असतो. संग्राहक तो हातातही धरत नाहीत. अशाच नाण्यांविषयी, आणि त्यांच्यावरच्या एका बारीक रेघेविषयी हा लेख आहे.

चारमिनारी रुपया

हैदराबादच्या रुपयाचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यात नाणी पडत ती मोगल बादशहाच्या नावाने. 1857 च्या उठावानंतर दिल्लीची बादशाही संपली आणि नाण्यावर ‘निज़ाम-उल-मुल्क आसफ़जाह बहादुर’ ही अक्षरे आली. त्यांच्या जोडीला 92 हा आकडाही दिसतो. अब्जद पद्धतीने अक्षरांना आकडे लावले की ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज तेवढी होते. पहिले सालारजंग 1853 मध्ये दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत जिल्ह्यांतल्या टांकसाळी बंद करून नाणी हैदराबादेतच पाडण्याची व्यवस्था झाली.

हे रुपये हातोड्याने पाडलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रावरचे ‘चरखी’ रुपये निघाले. पुढे 1903-04 च्या सुमारास, म्हणजे हिजरी 1321 च्या आसपास, सैफाबादच्या नव्या टांकसाळीत चारमिनारचे चित्र असलेला रुपया पडू लागला. एका बाजूला मधोमध चारमिनार, भोवती निजामाची पदवी आणि हिजरी साल. दुसऱ्या बाजूला ‘एक रुपिया’, टांकसाळीचे नाव ‘फ़र्ख़ुंदा बुनियाद हैदराबाद’ आणि जुलूस वर्ष, म्हणजे निजाम गादीवर बसल्यापासूनचे वर्ष.

चारमिनारच्या दरवाजात एक अक्षर असते. ते ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अली ख़ान यांचे, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली ख़ान यांचे. ऐनची सुरुवातीची घडण अपुरी आहे, नंतर ते अक्षर पुरते आले. महबूब अली 1911 च्या ऑगस्टअखेरीस वारले. हिजरी 1329 हे साल त्यामुळे दोघांच्याही वाट्याला आले. दरवाजातले अक्षर पाहिल्याशिवाय त्या सालचा रुपया कोणाचा, हे नुसत्या सालावरून ठरवता येत नाही.

हे आकडे वाचायला मला शिकवले ते निजामाच्या काळी उर्दू शाळेत शिकलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी. सात आणि आठ यांत गोंधळ कसा होतो, चार आणि पाच झिजल्यावर कसे दिसतात, हे त्यांनी पाटीवर काढून दाखवले होते. नाण्यांच्या अभ्यासातले माझे शिक्षण एवढेच. पुढचे सगळे भिंगाने शिकवले.

रेघ येते कुठून

नाणे पाडायला दोन ठसे लागतात, दोन्ही बाजूंना एकेक. ठसा पोलादाचा असतो. मूळ नक्षीच्या उठावाच्या साच्यावरून ती मऊ पोलादात दाबून घेतात, मग ठसा तापवून एकदम थंड करतात. त्याने पोलाद कडक होते, पण ठिसूळही होते. ठिसूळपणा कमी करावा म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. सुऱ्याला किंवा कुदळीला पाणी देणाऱ्या लोहाराला हे समजावून सांगावे लागत नाही. पाणी जास्त बसले तर धार तुटते, कमी बसले तर वळते. ठशाचेही तसेच असते.

पाणी सगळीकडे सारखे बसले नाही तर पोलादात ताण राहून जातो. मग यंत्राचा दाब हजारो वेळा त्याच जागी पडतो आणि ठशाला तडा जातो. बहुधा तो कडेपासून, नाहीतर दोन अक्षरांच्या किंवा आकड्यांच्या मधल्या अरुंद जागेतून निघतो, कारण ताण तिथे साचतो. ठशाला भेग पडली की दाबाखाली चांदी त्या भेगेत शिरते. म्हणून ठशावरचा खोल तडा नाण्यावर उठावाची रेघ होऊन उमटतो.

सगळी ओळख इथून सुरू होते. नाण्यावर खोल गेलेली रेघ ओरखडा असतो. तो नाणे बाहेर पडल्यावर झालेला. सराफाने पारखीसाठी मारलेली खूणही खोलच असते. धातूतच दोष असेल तर पापुद्रा सुटल्यासारखी जागा दिसते. उठावाची रेघ मात्र ठशाचीच असते. तीतही दोन प्रकार आहेत. ठसा घासून साफ करताना पडलेल्या रेघा बारीक, एकमेकींना समांतर आणि फक्त मोकळ्या जागेत असतात, कारण ठशातली नक्षी खोल असल्याने घासणी तिथे पोचत नाही. तडा नक्षी पाहत नाही. तो मोकळ्या जागेतून येतो, मिनारावरून जातो, अक्षर कापतो आणि कडेला भिडतो. त्याची जाडीही सारखी नसते. निघाला तिथे जाड, संपतो तिथे केसासारखा.

तडा वाढत जातो. सुरुवातीला कडेजवळ एखाद्या मिलिमीटरची रेघ. मग ती आत सरकते. मग तिला फाटा फुटतो. टांकसाळीने ठसा वेळीच काढला नाही तर शेवटी कडेचा तुकडाच निखळतो आणि त्या जागी नाण्यावर अक्षर न उमटता चांदीचा बेढब गोळा येतो. काही वेळा मध्ये चकती नसतानाच यंत्राचा दाब पडतो. दोन्ही ठसे एकमेकांवर आदळतात आणि एकाची नक्षी दुसऱ्यात उलटी, अंधुक उमटते. असा धक्का बसलेला ठसा पुढे तडकण्याचा संभव जास्त.

तडा भरून येत नाही. ठसा घासला तर बारीक रेघ थोडी पुसट होईल, पण पोलादातली भेग मागे हटत नाही. त्यामुळे एकाच ठशाची चार नाणी हाती असतील, तर रेघेच्या लांबीवरून त्यांचा क्रम लावता येतो. आधी कोणते पडले, नंतर कोणते. असा क्रम नाण्यावरचे साल सांगू शकत नाही. साल सगळ्यांवर सारखेच असते.

डॉलरवाल्यांची पद्धत

ही पद्धत सर्वांत तपशिलाने वापरली ती अमेरिकेतल्या चांदीच्या डॉलरच्या अभ्यासकांनी. जॉर्ज मॉर्गन यांच्या नक्षीचा डॉलर 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पडला. लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस या दोघांनी त्या डॉलरच्या ठशांतले भेद क्रमांक देऊन नोंदवले आणि 1971 मध्ये त्याची सूची प्रसिद्ध केली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्या क्रमांकांना ‘व्हॅम’ म्हणतात. साल पुन्हा कोरलेले, टांकसाळीचे अक्षर सरकलेले, ठसे आदळलेले, तडे गेलेले असे सगळे भेद त्यात आहेत. 1888 सालच्या न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या एका डॉलरवर स्वातंत्र्यदेवीच्या चेहऱ्यावरून आडवा तडा गेला आहे. संग्राहकांनी त्याला ‘स्कारफेस’, म्हणजे व्रण असलेला चेहरा, असे नाव ठेवले. साध्या डॉलरपेक्षा त्याला कितीतरी जास्त मोल येते.

चांदीचा डॉलर आपल्याकडेही परका नव्हता. हाँगकाँग आणि मलाया या भागांतल्या व्यापारासाठी इंग्रज सरकारने 1895 पासून जो ‘ट्रेड डॉलर’ काढला, त्यातले बहुतेक मुंबईच्या टांकसाळीत पडले. ब्रिटानियाच्या हातातल्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक ‘बी’ असेल तर तो मुंबईचा. ज्या टांकसाळीत कलदार पडत होता तिथेच हा डॉलरही पडत होता. ठसा, पोलाद, पाणी, दाब, तडा या गोष्टी रुपयाला वेगळ्या आणि डॉलरला वेगळ्या नसतात. म्हणून डॉलरवाल्यांची रीत उचलून चारमिनारी रुपयाला लावायला काहीच हरकत नाही.

मी वहीत नोंद करतो ती अशी. आधी वजन. मग हिजरी साल, जुलूस वर्ष, दरवाजातले अक्षर. मग नाणे उभे धरून, चारमिनारचा माथा बारा वाजण्याच्या जागी ठेवून, तड्याची जागा घड्याळाच्या तासांत लिहायची. ‘चारमिनार बाजू, दहा वाजता कडेतून, डाव्या मिनाराच्या टोकापर्यंत’ एवढे लिहिले की दुसऱ्या गावातला माणूसही आपल्या रुपयावर तीच जागा शोधू शकतो. उजेड डोक्यावरून न घेता बाजूने तिरपा घ्यावा लागतो. उठावाच्या रेघेची सावली पडते आणि ती ओरखड्यापासून वेगळी दिसते.

दोन बाजूंची दोन वर्षे

चारमिनारी रुपयाला डॉलरपेक्षा एक सोय जास्त आहे. त्याच्या दोन बाजूंना दोन वर्षे असतात आणि ती एकाच दिवशी बदलत नाहीत. हिजरी साल मुहर्रममध्ये बदलते. उस्मान अली गादीवर आले रमजानमध्ये, म्हणून त्यांचे जुलूस वर्ष रमजानमध्ये बदलते. हिजरी 1335 चेच उदाहरण घ्या. त्या सालात रमजानपर्यंत सहावे जुलूस वर्ष चालू होते, रमजानपासून सातवे लागले. म्हणजे कागदोपत्री तरी एकाच हिजरी सालात दोन जोड्या संभवतात.

आता समजा, चारमिनार बाजूचा एकच तडकलेला ठसा आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही जुलूस वर्षांच्या ठशांबरोबर सापडला. आधीच्या वर्षाच्या जोडीत तडा आखूड आणि नंतरच्या जोडीत लांब असेल, तर सगळे नियमाप्रमाणे झाले. तेच उलटे सापडले, म्हणजे जुन्या वर्षाच्या जोडीत तडा लांब निघाला, तर अर्थ सरळ आहे. वर्ष उलटल्यावरही टांकसाळीने जुना ठसा बाजूला न टाकता पुन्हा यंत्राला लावला. नाण्यावरचे वर्ष एक, पाडल्याचा काळ दुसरा. हे कोणत्याही फर्मानात लिहिलेले नसते. ते तडा सांगतो.

नाण्यावरच्या सालावर डोळे मिटून विसंबू नये, याचे मोठे उदाहरण कलदारातच आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयांवर 1862 हे साल पुढे 1874 पर्यंत तसेच ठेवलेले होते. दहा-बारा वर्षांचे रुपये, पण साल एक. मुंबईच्या टांकसाळीने त्यात बारीक ठिपके घातले आणि त्या ठिपक्यांच्या संख्येवरून व जागेवरून अभ्यासक आज त्या रुपयांची वर्षवार विभागणी करतात. ठिपका टांकसाळीने मुद्दाम ठेवलेली खूण होती. तडा ही न ठेवता राहिलेली खूण. वाचायची रीत मात्र तीच.

माझ्या वहीतली एक नोंद सांगतो. ऐन अक्षराच्या, हिजरी 1337 च्या रुपयांत एका ठशाचे तीन टप्पे मला मिळाले. पहिल्यात तडा कडेपाशीच आहे, दुसऱ्यात तो मिनाराला टेकला आहे, तिसऱ्यात मिनार ओलांडून आतल्या कमानीपर्यंत आला आहे. यांतला एक रुपया माहूरच्याच घरातला, दुसरा किनवटच्या बाजारातल्या मोडीतला, तिसरा पैनगंगेपलीकडच्या एका तांड्यावरच्या माळेतला. माळेतल्या रुपयाला वर कडी डाखलेली आहे आणि डाखाने कडेचा भाग झाकला आहे. सुदैवाने तडा दुसऱ्या अंगाला आहे. एका ठशाखालून निघालेली ही तीन नाणी तीन वाटांनी गेली आणि पंचवीस-तीस मैलांच्या आत पुन्हा सापडली.

यावरून दोन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. तडा दिसल्यावरही तो ठसा टांकसाळीने लगेच काढला नाही, बराच वेळ चालवला. आणि नदी ही चलनाची शीव असली तरी हाली रुपया दागिना म्हणून ती ओलांडत होता. टांकसाळीला त्या वर्षी घाई होती, असे मात्र एका ठशावरून म्हणू नये. त्यासाठी 1336 आणि 1338 चे रुपये तेवढ्याच संख्येने तपासून, त्यांतले किती तडकलेल्या ठशांचे, हे मोजले पाहिजे. मोजायला रुपये पाहिजेत. अडचण नेमकी तिथे आहे.

आटलेली चांदी

हिजरी 1337 हे साल ऑक्टोबर 1918 मध्ये लागले. पहिल्या महायुद्धाचा तो शेवट. त्या वर्षी सगळ्या हिंदुस्थानात चांदीची चणचण होती. कागदी नोटेवर लोकांचा भरवसा नव्हता, नोट देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागे. इंग्रज सरकारने 1917 च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली. 1918 मध्ये हैदराबाद संस्थानानेही आपल्या कागदी चलनाचा कायदा करून नोटा काढायला सुरुवात केली. सरकारी तिजोरीतला रुपयांचा साठा 1918 च्या उन्हाळ्याच्या तोंडी धोक्याच्या पातळीला आला.

तेव्हा चांदी आली ती अमेरिकेतून. एप्रिल 1918 मध्ये तिथे पिटमन कायदा झाला आणि तिजोरीत पडून असलेले चांदीचे डॉलर आटवायची परवानगी मिळाली. एकूण 27 कोटी 2 लाखांहून अधिक डॉलर आटवले गेले. त्यांतल्या सुमारे 25 कोटी 91 लाख डॉलरची चांदी इंग्रज सरकारने हिंदुस्थानसाठी घेतली. एका डॉलरमध्ये साधारण 24 ग्रॅम शुद्ध चांदी. त्यात कलदार रुपये होतात सव्वादोन. हिशोब केला तर तेवढ्या चांदीत सुमारे 58 कोटी रुपये बसतात. मुंबई आणि कलकत्ता मिळून एकट्या 1918 सालचेच रुपये 40 कोटींच्या पुढे आहेत. आपल्या आजीच्या गाठोड्यात 1918 किंवा 1919 चा, पंचम जॉर्जच्या छापाचा रुपया असेल, तर त्यात मॉर्गन डॉलरची चांदी असण्याचा संभव बराच आहे.

अमेरिकेतल्या अभ्यासकांना या घटनेची किंमत पुढे कळली. आटवलेले डॉलर कोणत्या सालचे, कोणत्या टांकसाळीचे, याची नोंद कोणी ठेवली नव्हती. त्यामुळे कोणत्या सालचे किती डॉलर पडले याचे आकडे हाती असूनही त्यांतले उरले किती, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. तडकलेल्या एखाद्या ठशाचे डॉलर आज मोजके दिसतात, ते मुळात थोडे पडले म्हणून की मुशीत गेले म्हणून, याचा निकाल उरलेले डॉलर एकेक पाहूनच लावावा लागतो. व्हॅमची सगळी मेहनत या उरलेल्यांवर आहे.

आपल्याकडे ती मूस अजून पेटलेली आहे. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. पुढच्या काही वर्षांत हाली चलन 7 हालीला 6 भारतीय रुपये या दराने मागे पडत गेले. चलन गेले, चांदी घरात राहिली. लग्नाला, आजारपणाला, बी-बियाण्याला ती मोडत आली. चांदीने किलोला लाखाचा आकडा ओलांडल्यापासून हा वेग वाढला आहे. लाखाच्या भावाने एका हाली रुपयातली नऊ ग्रॅम चांदी नऊशे रुपयांची होते. झिजलेल्या, साध्या सालच्या चारमिनारी रुपयाला संग्राहक फार जास्त देत नाही, तेव्हा घरधन्याने तो मोडीत घातला तर त्याला दोष देता येत नाही. गरज त्याची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातले चारमिनारी रुपये मात्र हलक्या चांदीचे आहेत. म्हणून सराफ कस लावून आधीचे वेगळे काढतो आणि आधीचेच मुशीत आधी जातात.

दुर्मीळ नाणे सहसा आटत नाही. त्याला गिऱ्हाईक असते, पुस्तकात भाव असतो, संग्रहालयात जागा असते. आटते ते साधे नाणे. आणि तड्याचा अभ्यास उभा राहतो तो साध्या नाण्यावरच. दुर्मीळ रुपया एकच असतो, त्याची तुलना कशाशी करणार? एका सालचे दोनशे झिजके रुपये एकाजागी पाहायला मिळाले तर त्यांतून ठसे वेगळे काढता येतात, ठशांच्या जोड्या लावता येतात, टांकसाळीने जुना ठसा कधी पुन्हा वापरला ते सांगता येते. सैफाबादच्या टांकसाळीतल्या रोजच्या कामाची ही दुसरी रोजकीर्द आहे. तिची पाने आमच्या गावागावांत विखुरलेली आहेत आणि एकेक करून मुशीत जात आहेत.

खोट्या नाण्यांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. चारमिनारी रुपयांच्या ओतीव नकला यात्रेत मिळतात. ज्या खऱ्या नाण्यावरून साचा घेतला, त्याचा तडा तर त्या नकलांवर येतोच, पण त्याचे ओरखडे आणि ठोकेही येतात. तडा अनेक खऱ्या नाण्यांवर सारखा असू शकतो, कारण तो ठशाचा आहे. ओरखडा दोन नाण्यांवर हुबेहूब त्याच जागी, त्याच लांबीचा असू शकत नाही, कारण तो त्या एका नाण्याच्या वाट्याला आलेला असतो. दोन रुपयांवर एकच ओरखडा दिसला की निदान एक तरी नक्कल आहे, हे धरून चालावे. कडेवर ओतकामाची शिवण आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात का, तेही पाहावे.

शेवटी एक सांगणे आहे. नांगरताना किंवा पाया खणताना भांडे सापडले, तर गोष्ट वेगळी. 1878 चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे आणि असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. मी बोलतो आहे ते घरच्या, हक्काच्या रुपयांविषयी. ते विकू नका, असे मी म्हणत नाही. चिंचेने किंवा राखेने घासून मात्र नेऊ नका. घासल्याने भाव वाढत नाही आणि केसाएवढी रेघ निघून जाते. सराफाकडे जाण्याआधी प्रत्येक रुपया पांढऱ्या कागदावर ठेवून, खिडकीच्या तिरप्या उजेडात, मोबाईलने दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फोटोत दोन्ही वर्षे आणि दरवाजातले अक्षर वाचता आले पाहिजे. सराफाच्या काट्यावर वजन होईल तेव्हा ते ग्रॅममध्ये लिहून घ्या. नाणे घरात कुठून आले ते आठवत असेल तर गावाचे नाव लिहा. पाच मिनिटांचे काम आहे. नाणे आटले तरी एवढ्या नोंदीवरून त्याचा ठसा ओळखता येतो आणि रांगेतली त्याची जागा ठरवता येते.